बहिणीचा सल्ला आणि सरदाराचा मान
हजरत सफ्फाना बिन्ते हातिम (रजि.) यांच्या प्रसंगाचा अभ्यास

हातिमताईचे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. त्याच्या दातृत्वाच्या आणि साहसाच्या गोष्टी उर्दूतून मराठीत आल्या आणि घरोघर सांगितल्या गेल्या. परंतु या हातिमची दोन अपत्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हयात होती आणि त्या बहीण-भावाची हकीकत सीरतच्या ग्रंथांत नोंदलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ही काल्पनिक कथा नाही. इब्ने इसहाक यांनी ती अदी बिन हातिम यांच्याच तोंडून आलेली म्हणून दिली आहे आणि इब्ने हिशाम यांच्या सीरतमधून ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे. भाऊ कबिल्याचा सत्ताधीश आणि बहीण त्याला सल्ला देणारी, असा हा प्रसंग आहे. मानापमानाच्या कल्पनांवर उभ्या असलेल्या समाजात सत्य कसे सांगावे आणि ते कसे ऐकावे, हे त्यातून शिकता येते.

कबिला आणि त्याचा सरदार

तय्य हा अरबस्तानच्या उत्तर भागातील बलाढ्य कबिला. अजा आणि सलमा या दोन डोंगरांच्या परिसरात, म्हणजे आजच्या सौदी अरबस्तानातील हाइल भागात, त्याची वस्ती होती. हातिम प्रेषितांच्या नियुक्तीपूर्वीच मरण पावला आणि सरदारकी त्याचा पुत्र अदी याच्याकडे आली. अदी ख्रिस्ती वळणाच्या ‘रकूसी’ पंथाचा होता. कबिल्याने मिळविलेल्या लुटीचा चौथा हिस्सा सरदाराने घ्यावा, अशी त्या काळची रीत होती. त्या हिश्शाला ‘मिर्बाअ’ म्हणत आणि अदी तो घेत असे.

पुढे स्वतः अदी प्रांजळपणे सांगतात की, प्रेषितांविषयी ऐकले तेव्हा त्यांच्याइतका तिरस्कार अरबांत क्वचितच कोणाला वाटला असेल. कारण उघड होते. मदिनेचा शब्द अरबस्तानात पसरत होता आणि सरदारकी धोक्यात आली होती. म्हणून त्यांनी आपल्या उंटांची राखण करणाऱ्या सेवकाला सांगून ठेवले होते की, धष्टपुष्ट आणि सवयीचे उंट नेहमी हाताशी ठेवावेत आणि मुस्लिमांचे सैन्य येताना दिसले की लगेच वर्दी द्यावी.

मागे राहिलेली बहीण

हिजरी सन ९ मध्ये हजरत अली (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली दीडशे अन्सारांची तुकडी तय्यच्या ‘फुल्स’ नावाच्या मूर्तीचे ठाणे मोडण्यासाठी निघाली. सेवकाने निशाणे पाहिली आणि वर्दी दिली. अदी यांनी पत्नी-मुलांना उंटांवर बसविले आणि आपल्या धर्मबांधवांच्या आश्रयाला शाम देश गाठला. या घाईत हातिमची कन्या मागेच राहिली. तय्यच्या इतर बंदिवानांबरोबर तिलाही मदिनेत आणण्यात आले.

इब्ने हिशाम यांच्या ग्रंथात तिचा उल्लेख केवळ ‘हातिमची कन्या’ असा आहे. सफ्फाना हे नाव पुढील विद्वानांनी दिले आहे. मुस्नद अहमदमधील एका रिवायतीत तर बहिणीऐवजी अदी यांच्या आत्याचा उल्लेख आढळतो. सीरतकारांत बहिणीचे कथन प्रसिद्ध आहे आणि आपण तेच आधाराला घेत आहोत. आणखी एक खुलासा आवश्यक आहे. हातिम सद्गुणप्रेमी होता म्हणून त्याच्या कन्येला सोडून द्या, असे प्रेषितांनी सांगितल्याचे एक कथन व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. मुहद्दिसांनी त्याची सनद दुर्बल ठरविली आहे. तेव्हा ते हदीस म्हणून खात्रीने सांगू नये.

बंदिवानांना मशिदीच्या दाराजवळील एका आवारात ठेवले होते. प्रेषित (स.) तेथून जात असता सफ्फाना उभ्या राहिल्या. पिता निवर्तला आहे, आपल्या वतीने बोलण्यास येणारा दूर निघून गेला आहे, तेव्हा आपल्यावर उपकार करावा, अल्लाह आपल्यावर उपकार करील, अशी विनंती त्यांनी केली. तो बोलणारा कोण, असे प्रेषितांनी विचारले. त्यांनी अदीचे नाव सांगितले. अल्लाह आणि त्याच्या प्रेषितापासून पळणारा तो, असे म्हणून प्रेषित पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही असेच घडले. तिसऱ्या दिवशी त्या निराश झाल्या होत्या. परंतु प्रेषितांच्या मागून चालणाऱ्या एका व्यक्तीने, उठा आणि बोला, अशी खूण केली. त्या बोलल्या आणि त्यांची सुटका झाली. खूण करणारे हजरत अली (रजि.) होते, हे त्यांना चौकशीअंती कळले.

सुटकेबरोबर प्रेषितांनी एक सूचनाही केली. निघण्याची घाई करू नका. ज्यांच्यावर विश्वास ठेवता येईल असे आपल्याकडील लोक भेटले म्हणजे मला कळवा. पुढे ओळखीचा तांडा आला तेव्हा त्यांनी सफ्फाना यांना वस्त्रे, वाहन आणि वाटखर्च देऊन रवाना केले. बंदिवान स्त्रीला सोडून देणे हा उपकार खराच. पण ती सुखरूप पोहोचेल याची काळजी वाहणे हा त्याहून मोठा उपकार होता.

आधी जाब, मग सल्ला

अदी शाममध्ये आपल्या कुटुंबात बसले असता दुरून एक हौदा येताना दिसला. हातिमची लेकच असावी, असे त्यांच्या मनात आले आणि ती तीच होती. उंट थांबताच तिने भावाला खडसावले. त्याला तिने ‘कातेअ’ म्हणजे नाते तोडणारा आणि ‘जालिम’ म्हणजे अन्यायी म्हटले. स्वतःच्या बायको-मुलांना घेऊन आलास आणि बापाची राहिलेली निशाणी, तुझी स्वतःची अब्रू, मागे टाकून आलास, असा जाब तिने विचारला.

येथे दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘कातेअ’ हा शब्द सहीह बुखारीतील त्या हदीसमध्ये आला आहे, जिच्यानुसार नाते तोडणारा जन्नतमध्ये प्रवेश करणार नाही. दुसरा शब्द ‘औरत’. अरबीत त्याचा अर्थ जे झाकावे आणि जपावे ते, असा आहे. आपल्या उर्दू बोलीत तो स्त्रीसाठी रूढ झाला. ज्या कबिल्यात स्त्री ही पुरुषाची अब्रू मानली जाई, त्या कबिल्याचा सरदार ती अब्रू वाऱ्यावर सोडून स्वतःची सुटका करून घेतो, ही विसंगती सफ्फाना यांनी एका वाक्यात उघडी केली. कबिल्याच्या मानाची भाषा त्यांनी कबिल्याच्या सरदारावरच लावली.

अदी यांचे उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते संतापले नाहीत, सबबी सांगितल्या नाहीत. बहिणी, चांगले बोल. माझ्याकडे काही उत्तर नाही, तू म्हणतेस तसेच मी वागलो, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. बहीण उंटावरून उतरली आणि त्यांच्याच घरी राहिली. त्यानंतर अदी यांनी तिला विचारले की, या माणसाविषयी, म्हणजे प्रेषितांविषयी, तुझे मत काय? हे सांगताना ते आवर्जून नमूद करतात की, ती दूरदर्शी आणि ठाम बुद्धीची स्त्री होती. सरदाराने बहिणीचे मत विचारले, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही आणि पुढे ही गोष्ट स्वतः सांगतानाही वाटला नाही.

सल्ल्याची घडण

सफ्फाना यांचा सल्ला थोडक्यात असा होता: त्वरेने जाऊन त्यांना भेटा. ते प्रेषित असतील तर आधी पोहोचणाऱ्याला श्रेष्ठत्व आहे. आणि ते राजे असतील तरी तुमचा दर्जा लक्षात घेता त्यांच्याकडे तुमची मानहानी होणार नाही.

या सल्ल्याचे चार गुण अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला, तो अनुभवावर आधारलेला होता. त्या मदिनेत बंदिवान म्हणून राहिल्या होत्या. विजेता पराभूतांशी कसा वागतो, हे त्यांनी ऐकले नव्हते, पाहिले होते.

दुसरा, तो ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीला धरून होता. अदी यांच्या मनात ईमान अजून उतरले नव्हते. म्हणून त्यांनी दोन्ही शक्यता समोर ठेवल्या आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात, हे दाखविले. भावाला आधी वादात हरविण्याची त्यांना गरज भासली नाही.

तिसरा, त्यांनी भावाच्या मानाला धक्का लावला नाही, त्याची दिशा बदलली. सरदाराला मानाची ओढ असते. ती ओढ पळण्याकडे नेत होती. त्यांनी ती पुढे जाण्याकडे वळविली.

चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. या सल्ल्यात त्यांचा स्वतःचा काहीच लाभ नव्हता. ज्या भावाने टाकून दिले त्याचे वाईट चिंतण्याला त्यांच्याजवळ कारण होते. तरी त्यांनी त्याचे हितच सांगितले. गाऱ्हाणे गाऱ्हाण्याच्या जागी स्पष्ट मांडले आणि सल्ला सल्ल्याच्या जागी निर्मळ ठेवला. ‘नसीहत’ या शब्दाच्या अरबी मुळात निर्भेळपणाचा अर्थ आहे, तो हाच.

मदिनेत काय घडले

अदी मदिनेस आले. प्रेषित (स.) त्यांना घरी घेऊन निघाले असता वाटेत एका वृद्ध, अशक्त स्त्रीने त्यांना थांबविले आणि आपले काम सांगत राहिली. प्रेषित बराच वेळ तिच्यासाठी उभे राहिले. अदी यांच्या मनाने तेथेच कौल दिला की, हा राजा नव्हे. घरी खजुरीच्या सालींनी भरलेली चामड्याची एकच गादी होती. ती पाहुण्याला देऊन प्रेषित स्वतः जमिनीवर बसले. मग त्यांनी मिर्बाअचा विषय काढला आणि तो तुमच्या धर्मातही वैध नाही, याची जाणीव दिली. सरदारकीचा जो हिस्सा अदी मानाने घेत, तोच त्यांच्या धर्माच्या कसोटीवर हराम ठरत होता.

पुढे प्रेषितांनी त्यांना येणाऱ्या दिवसांविषयी सांगितले. सहीह बुखारीतील कथनानुसार, हीरा येथून एकटी स्त्री प्रवास करीत येईल, काबागृहाची प्रदक्षिणा करील आणि तिला अल्लाहशिवाय कोणाचे भय असणार नाही. हे ऐकताना अदी यांना प्रश्न पडला की, मग तय्यचे वाटमारे कुठे जातील? आयुष्य लाभल्यावर अशी प्रवास करणारी स्त्री आपण पाहिली, असे ते पुढे सांगत. ज्याने स्वतःच्या बहिणीला संकटात मागे टाकले, त्याच्याशी बोलताना नव्या समाजाची खूण म्हणून निर्भय स्त्रीचा दाखला यावा, हे विचार करण्यासारखे आहे.

अदी यांनी इस्लाम स्वीकारला. हजरत अबूबक्र (रजि.) यांच्या काळात अनेक कबिले फिरले, तेव्हा त्यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्याकडून तीन दिवसांची मुदत मागून घेतली आणि आपल्या लोकांना समजावून परत आणले. हजरत उमर (रजि.) यांनी पुढे एकदा त्यांच्या या निष्ठेची साक्ष दिल्याचे बुखारीत आहे. एका बहिणीच्या सल्ल्याने एक माणूस वाचला आणि त्या माणसामुळे एक कबिला वाचला.

जाहिलियतचा मान आणि इस्लामचा मान

कुरआनात ‘हमिय्यतुल जाहिलिया’ (४८:२६) म्हणजे अज्ञानकाळाचा अभिमान, असा शब्दप्रयोग आला आहे. आपला तो आपला, मग तो चुकीचा असला तरी, हे त्या अभिमानाचे सूत्र होते. अत्याचारी असो वा पीडित, आपल्या भावाला मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले तेव्हा सहाबांनी विचारले की, अत्याचारी भावाला मदत कशी करायची? त्याला अत्याचारापासून रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा झाला. जुने सूत्र तेच ठेवून त्याचा अर्थ इस्लामने उलटा केला. या अर्थाने सफ्फाना यांनी भावाला खडसावले, तीही मदतच होती.

मक्केच्या विजयाच्या वेळी हजरत उम्मे हानी (रजि.) यांनी आपल्या सासरच्या नात्यातील माणसाला अभय दिले. त्यांचे सख्खे बंधू हजरत अली (रजि.) त्याला ठार करण्याच्या तयारीत होते. उम्मे हानी थेट प्रेषितांकडे गेल्या आणि प्रेषितांनी त्यांनी दिलेले अभय मान्य केले. बहिणीचा शब्द भावाच्या तलवारीवर वरचढ ठरला आणि त्या शूर भावाने तो मान्य केला. सफ्फाना यांना उठून बोलण्याची खूण करणारेही हेच अली होते.

न ऐकलेला सल्ला

आपल्या दख्खनच्या इतिहासातही बहिणीच्या सल्ल्याचा एक मोठा प्रसंग आहे. १६५८ च्या आरंभी शहजादा औरंगजेब औरंगाबादहून निघाला आणि बऱ्हाणपूरला महिनाभर थांबून उत्तरेकडे गेला. एप्रिलमध्ये धर्मातची लढाई झाली. त्यानंतर थोरली बहीण जहाँआरा बेगम हिने मुहम्मद फारूक याच्या हाती त्याला पत्र पाठविले. बादशहाची प्रकृती सुधारली आहे, पित्यावर आणि वडील भावावर शस्त्र उचलू नये, जेथे आहेस तेथेच थांबून आपले म्हणणे लेखी कळवावे, असा त्याचा आशय होता. तो मानला गेला नाही. रमजानच्याच महिन्यात सामूगढ येथे भाऊ भावाशी लढले. त्यानंतर ती स्वतः छावणीत गेली आणि सल्तनत चौघांत वाटून घेण्याचा प्रस्ताव तिने मांडला. तोही फेटाळला गेला. पित्याच्या नजरकैदेत १६६६ पर्यंत तिने त्याची सेवा केली. पुढे औरंगजेबाने तिला पुन्हा ‘पादशाह बेगम’ हा मान दिला. १६८१ मध्ये तिचे निधन झाले.

त्या यादवीत कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. दारा शुकोहकडे जहाँआराचा कल होता, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे तिचा शब्द धाकट्या भावाला निःपक्ष वाटला नसावा. तात्पर्य दोघांसाठी आहे. सल्ला देणाऱ्याने आपण कोणाच्या बाजूचे दिसतो, याचा विचार करावा. आणि ऐकणाऱ्याने सल्ला कोणी दिला यापेक्षा तो काय आहे, हे पाहावे. पक्ष धरणाऱ्याच्या तोंडूनही सत्य येऊ शकते.

आपल्या घरात

आपल्यापैकी कोणी सरदार नाही. पण धामणगाव बढेसारख्या गावात घराचा कर्ता भाऊ हा त्या घरापुरता सरदारच असतो. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटते, एखाद्या मुलीच्या संसारात बिघाड होतो, सोयरीक मोडते, तेव्हा बैठक बसते. त्या बैठकीत ‘इज्जत’ हा शब्द सर्वाधिक वेळा येतो आणि बहिणीला मात्र कोणी विचारत नाही. निर्णय झाल्यावर तिला कळविले जाते. वस्तुतः दोन्ही घरांचे आतले दुखणे तिलाच ठाऊक असते. कुरआनाने सल्लामसलत हा ईमानवंतांचा गुण सांगितला आहे (४२:३८) आणि तो सांगताना पुरुषांपुरता मर्यादित केलेला नाही. हुदैबियाच्या कठीण क्षणी प्रेषितांनी उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला, हे आपण मिंबरवरून सांगतो, घरी मात्र विसरतो.

बहिणीला बोलावले जाते ते एका कामासाठी, सहीसाठी. वडील वारले की सातबाऱ्यावर वारस लागतात आणि काही दिवसांत हक्कसोडपत्राचा कागद तिच्यासमोर येतो. लग्नात खर्च झालाच आहे, माहेर तुटेल, भावाविरुद्ध जाणारी बहीण लोकांत चांगली दिसत नाही, असे सांगितले जाते. ती सही करते आणि सगळे म्हणतात की, तिने राजीखुशीने सोडले. अल्लाहने स्त्रियांचा वाटा थोडा असो वा पुष्कळ, निश्चित ठरविला आहे (४:७). लग्नाचा खर्च हा वारसा नव्हे. माहेर तुटण्याच्या भीतीने दिलेली संमती ही राजीखुशी नव्हे. म्हणूनच जाणकार मुफ्ती सांगतात की, आधी तिचा वाटा तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने मोकळ्या मनाने काही दिले तर ती तिची देणगी ठरेल. मिर्बाअ घेणाऱ्या सरदारालाही तो आपला हक्कच वाटत होता, हे भावांनी विसरू नये.

आणि बहिणींनी सफ्फाना यांच्याकडून शिकावे की, जाब विचारणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. नाते तोडणारा कोण, हे त्यांनी भावाला तोंडावर सांगितले आणि त्याच्याच घरी उतरल्या. अन्याय गिळून मनात कुढत राहण्यापेक्षा किंवा कायमचे तोंड फिरविण्यापेक्षा ही वाट कठीण आहे, पण नाते तीच वाचविते.

घरच्या दर्ससाठी काही प्रश्न

१. अदी यांनी चूक कबूल केली नसती, तर बहिणीचे मत विचारण्याची वेळ आली असती काय?
२. गेल्या वर्षभरात आपल्या घरात झालेल्या मोठ्या निर्णयांपैकी किती निर्णयांत बहिणीला किंवा आईला आधी विचारले गेले?
३. आपल्या वडिलांच्या अथवा आजोबांच्या मिळकतीत आत्या आणि बहिणी यांचा वाटा त्यांच्या ताब्यात गेला आहे काय? गेला नसेल तर तो आज कोणाकडे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्व भावंडांनी एकत्र बसून, कागद समोर ठेवून द्यावे. अल्लाह आपल्याला सत्य सांगण्याचे धैर्य, ऐकण्याची नम्रता आणि नाती जोडण्याची बुद्धी देवो. आमीन.